शरणागताची नाममुद्रा

मराठी समीक्षेत एक आक्षेप फार सैल हाताने वापरला जातो. संतकाव्य असो, निसर्गकविता असो किंवा आत्मचरित्र असो, लेखक जगाच्या धगीपासून दूर जाऊन कोठे विसावा शोधताना दिसला की त्याच्यावर पलायनवादाचा शिक्का मारून आपण मोकळे होतो. याच्या उलट, भाविक वाचकाला शरणागतीचा नुसता उल्लेख दिसला की त्याचे हात आपोआप जोडले जातात आणि पुढे विचार करण्याची गरज त्याला उरत नाही. एक पक्ष शरण जाण्याला दुबळेपणा समजतो, दुसरा तिला सर्वोच्च साधना समजतो. एका बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे. शरण गेलेल्या माणसाचे स्वतःचे असे काही शिल्लक राहत नाही, हे दोघांनाही मान्य असते; पहिल्याला त्याची खंत वाटते, दुसऱ्याला त्याचा आनंद. मराठी वाङ्मयातील काही उदाहरणे समोर ठेवली तर हे एकमतच तपासून पाहावयास हवे, असे मला वाटते.

प्रथम शब्दांचा विचार करू. आसरा, निवारा, थारा, आश्रय आणि शरण हे शब्द आपण जवळजवळ समानार्थी म्हणून वापरतो आणि वर्गात मुलांनाही तसेच सांगतो. परंतु त्यांना क्रियापदे जोडून पाहिली की भेद उघड होतो. आसरा मिळतो, निवारा लाभतो, थारा दिला जातो किंवा नाकारला जातो, आश्रय घेतला जातो खरा, पण तो देणाऱ्याच्या मर्जीवर टिकतो. शरण मात्र जावे लागते. येथे कर्ता जाणाराच असतो, पावले त्याचीच असतात. संस्कृतात ‘शरण’ या शब्दाचा अर्थ घर असाही आहे आणि रक्षणकर्ता असाही आहे. मराठीत आल्यावर त्या शब्दाला आणखी एक छटा चिकटली. शत्रू शरण आला असे आपण म्हणतो, तेव्हा तो हरला, त्याने शस्त्र खाली ठेवले, असा अर्थ होतो. विश्वासाने घरात येणारा आणि हरून दाराशी येणारा, या दोघांसाठी भाषेने एकच शब्द राखून ठेवला आहे. म्हणून शरणागतीचे साहित्य वाचताना हा माणूस घरात आला की हरून आला, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. ते ठरविण्याची कसोटी मला अशी दिसते: शरण गेल्यानंतर त्या माणसाच्या नावाचे आणि त्याच्या आवाजाचे काय झाले?

या प्रश्नाचे तात्त्विक रूप पाहावयाचे तर ज्ञानेश्वरीकडे जावे लागते. गीतेच्या अठराव्या अध्यायातील सहासष्टावा श्लोक हा शरणागतीचा महावाक्यासारखा मानलेला श्लोक. त्यावर लिहिताना ज्ञानदेवांनी शरण या शब्दाचा रूढ अर्थ नाकारला आहे. देवाहून वेगळे राहून, आपले जीवपण तसेच सांभाळून त्याच्या पायाशी येणे, याला ते शरणागती म्हणावयास तयार नाहीत. घट फुटल्यावर त्यातील आकाश महाकाशात मिसळते, सोन्याचा मणी सोन्यातच असतो, लाट पाण्यात असते, तसे ते येणे असावे असे ते सांगतात. समुद्राच्या पोटात वडवानळ शरण आला आणि तेथेही वेगळा जळत राहिला, तशी शरणागती नको, असेही ते बजावतात. याच विवेचनात एक वेगळा, अगदी प्रापंचिक दृष्टांत येतो. साधा राजा असला तरी त्याने अंगीकार केलेली दासी त्याच्या बरोबरीला पोचते. मग परमेश्वराशी गाठ पडूनही जीवाचे जीवपण सुटू नये, ही गोष्ट त्यांना लाजिरवाणी वाटते.

लाटेच्या आणि सोन्याच्या दृष्टांतांत वेगळेपण विरून जाते. दासीच्या दृष्टांतात तिचे माणूसपण विरत नाही. तिचा दर्जा बदलतो. अद्वैताच्या दृष्टीने दोन्हींचा निष्कर्ष एकच, कारण ऐक्य म्हटले की बरोबरी आलीच. परंतु साहित्याच्या दृष्टीने या दोन चित्रांत मोठे अंतर आहे. ज्याला जगाने पायरीवरून खाली ढकलले आहे, त्याला प्रथम हवी असते ती बरोबरी. विरून जाण्याची मुभा त्याला जगाने आधीच भरपूर दिलेली असते. त्याचे नाव कोणी विचारलेलेच नसते. तेव्हा ज्ञानदेवांनी बाजूला सारलेला तो वडवानळाचा दृष्टांत मराठी संतकाव्याच्या एका मोठ्या भागाला नेमका लागू पडतो, असे म्हणण्याचे धाडस करावेसे वाटते. समुद्राच्या पोटात शिरूनही जो जळत राहिला, असा अग्नी त्या काव्यात आहे. तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो अभंगाच्या शेवटच्या चरणात, म्हणजे नाममुद्रेत.

नाममुद्रा ही आपल्याला इतकी परिचित आहे की तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. अभंग संपत आला की कवीचे नाव येते, त्याला बहुधा ‘म्हणे’ हे क्रियापद जोडलेले असते, आणि आपण ते लेखकाचे नाव कळण्याची सोय म्हणून वाचून पुढे जातो. पण हे क्रियापद पाहण्यासारखे आहे. शरण आलेला माणूस तेथे नुसता रडत नाही, नुसता गप्प राहत नाही, तो ‘म्हणतो’. त्याचे म्हणणे त्याच्या नावावर नोंदले जाते. चोखामेळ्याला पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. परंपरेप्रमाणे मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून त्याचा अंत झाला. १३३८ हे साल त्यासाठी सांगितले जाते. त्याची समाधी महाद्वारासमोर आहे, म्हणजे मरणानंतरही दाराच्या अलीकडेच. ज्या घराला तो शरण गेला त्या घराचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. परंतु त्याच्या अभंगाच्या शेवटच्या चरणात त्याला अडविणारा कोणी नव्हता. ज्या जागी ज्ञानदेवांचे नाव येते, नामदेवांचे नाव येते, त्याच जागी, तितक्याच मात्रांत त्याचे नाव येते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की नाममुद्रा हा केवळ छंदाचा संकेत आहे. सर्वच संतांनी तो पाळला. त्यात चोख्याचा विशेष तो काय? शिवाय त्याचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले असे परंपरा सांगते आणि पुढे ते पिढ्यान् पिढ्या तोंडी फिरत राहिले, तेव्हा कोणता शब्द त्याचा हे आज कोण सांगणार? हे सर्व खरे मानूनही माझे म्हणणे ढळत नाही, उलट बळकटच होते. संकेत सर्वांना सारखा असतो, हेच त्याचे सामर्थ्य. देवळाच्या आत कोणी किती पुढे जावे हे जातीने ठरविले होते. अभंगात कोणाचे नाव कोठे यावे हे छंदाने ठरविले. छंदाला जात ठाऊक नव्हती. ज्या समाजाने हे अभंग तोंडी जपले त्यानेही ती मुद्रा पुसली नाही, दुसऱ्या कोणा मान्यवराच्या नावावर ते चढविले नाहीत, ही गोष्ट लहान नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपला जन्म हा पूर्वकर्माचा परिणाम आहे, असे मानणारा सूरही चोख्याच्या अभंगांत आहे. दलित साहित्याच्या चळवळीतील अनेकांना तो पटला नाही आणि न पटणे स्वाभाविक होते. जी व्यवस्था आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवते तिचेच स्पष्टीकरण शरणागताने आपल्या तोंडाने द्यावे, हे हरून शरण जाण्याचे लक्षण नव्हे काय? मला वाटते, चोख्याच्या काव्यात शरण या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी वावरतात आणि त्यातच त्याचे दुःख आहे. तो कर्माचा सिद्धान्त मान्य करतो आणि दुसऱ्या अभंगात देवाला उंबऱ्यावरून जाबही विचारतो. त्यांपैकी एकच चोखा खरा मानून दुसऱ्याकडे डोळेझाक करणे, हे भाविक वाचकालाही शोभत नाही आणि बंडखोर वाचकालाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांचा मार्ग ज्यांनी स्वतः स्वीकारला नाही, त्यांनीही ते नाव अर्पणपत्रिकेत आदराने लिहिले, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्त्रियांच्या मुद्रा पाहिल्या तर प्रश्न आणखी खोल जातो. जनाबाईच्या मुद्रेत ती नामदेवांची आहे हे तिच्या नावाच्या आधी येते. सोयराबाई कित्येक अभंगांत चोख्याची पत्नी म्हणून आणि आपल्या जातीचे नाव सांगून सही करते. या मुद्रा स्वतंत्र स्त्रीच्या नाहीत. त्या दासीपणाची आणि पत्नीपणाची नोंद ठेवूनच बोलतात. आधुनिक वाचकाला ते खटकते. पण जनाबाईचे अभंग वाचताना दिसते ते असे की शरण जाऊन तिचे काम सुटलेले नाही. जाते तेच आहे, शेणी त्याच आहेत, पाणी तेच भरावयाचे आहे. बदलले आहे ते इतकेच की त्या कामात देव तिच्या शेजारी येऊन बसला आहे. शरण गेल्यावर जे जग मागे सुटले असे आपण समजतो, ते जग तिच्या काव्यात जसेच्या तसे उपस्थित आहे. पलायनाच्या साहित्यात नेमके हेच घडत नाही. तेथे ज्या दुःखाने माणूस पळाला ते दुःख दाराबाहेर ठेवलेले असते आणि आत केवळ सुगंध असतो.

कान्होपात्रेच्या बाबतीत कथा आणि काव्य यांतील हा फरक फार ठळकपणे दिसतो. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने, म्हणजे १७६२ सालच्या ग्रंथाने, तिची कथा घरोघर पोचविली. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, बिदरच्या बादशहाचे बोलावणे, पंढरपूरच्या देवळात तिने घेतलेली धाव आणि विठ्ठलाच्या पायाशी तिचे प्राण जाणे, हा त्या कथेचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. कथेच्या दृष्टीने तिचा प्रश्न मरणाने सुटतो. राजाचे शिपाई रिकाम्या हाताने परत जातात, देवाने आपल्या भक्ताला आपल्यात सामावून घेतले असे म्हणून कीर्तनकार पुढे सरकतो आणि श्रोते गहिवरतात. येथे लाट खरोखरच पाण्यात मिळते. परंतु तिच्या नावावर जे थोडे अभंग आहेत त्यांत ती सामावून गेलेली नाही. ती आपल्या जन्माचा आणि व्यवसायाचा उल्लेख लपवीत नाही, आणि आपल्याला दुसऱ्याच्या हाती जाऊ दिले तर त्यात कमीपणा कोणाला येईल, हेही देवाला सुनावण्यास कचरत नाही. आश्रय मागणारी स्त्री आश्रयदात्याला त्याच्या अब्रूची आठवण करून देते. कथेने तिला मोक्ष दिला. अभंगांनी तिचा आवाज राखला. या दोहोंतून एकच निवडावयाचे झाले तर साहित्याच्या शिक्षकाने अभंगांच्या बाजूने उभे राहावे, असे माझे मत आहे.

आता संतकाव्याचा प्रदेश सोडून प्रत्यक्ष जीवनात लोकांनी आश्रय कसा शोधला याकडे वळू. आपल्या गोमंतकीय वाचकांना एक उदाहरण सांगावयास नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखालील प्रदेशांत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी आपले देव उचलून नदीपार नेले. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. अंत्रुज महाल त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. ज्यांना शरण जावयाचे ते देवच येथे शरणार्थी झाले, आणि तेही दुसऱ्या धर्माच्या राज्यकर्त्याच्या मुलखात. नव्या जागी त्यांनी जुने नाव सोडले नाही. प्रियोळातील त्या जागेलाच मंगेशी हे नाव मिळाले. आश्रय घेणाऱ्याचे नाव आश्रयस्थानाला लागले. आणि कित्येक कुटुंबांनी पाठीमागे राहिलेल्या गावाचे नाव आडनावात बांधून पुढच्या पिढ्यांना दिले. हाही नाममुद्रेचाच एक प्रकार म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आश्रय हा शब्द मराठी स्त्रीच्या बाबतीत प्रत्यक्ष इमारतीच्या रूपाने अवतरला. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. १८९३ च्या सुमारास तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा संस्कार होतो, या कारणावरून मोठे वादळ उठले. त्या वादात दोन्ही बाजूंचे पुरुष पुष्कळ बोलले. ज्यांच्यासाठी ते घर होते त्या मुली काय म्हणत होत्या, हे त्या काळच्या वादाच्या धुरळ्यात फारसे ऐकू येत नाही. त्या सदनातील आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. बहिष्कार सोसला, आश्रमासाठी कष्ट उपसले, आणि १९४४ साली तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘माझे पुराण’. आपल्याकडे पुराणे देवांची असतात, फार तर ऋषींची. येथे ‘माझे’ हे सर्वनाम त्या शब्दाला जोडलेले आहे. थोर पुरुषाच्या सावलीत राहिलेल्या स्त्रीकडून ज्या कृतज्ञ मौनाची अपेक्षा असते ते या पुस्तकात नाही. संसारातील ओढाताण, संस्थेसाठी घराने सोसलेले उणेपण, हे तिने सरळ घरगुती भाषेत सांगितले आहे. ज्या घरांनी तिला आसरा दिला त्यांच्याविषयी तिला आपुलकी आहे, परंतु त्या आसऱ्याची किंमत म्हणून आपले बोलणे गहाण ठेवावे असे तिला वाटले नाही. मराठी गद्यातील ही एक अस्सल नाममुद्रा आहे.

हीच कसोटी उलट्या बाजूने लावून पाहावयाची तर आम्हा बडोदेकरांना दूर जावे लागत नाही. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या राजाश्रयाचा आम्ही अभिमान बाळगतो आणि तो बाळगावा असाच आहे. त्याच राजाश्रयाने १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस शिकावयास गेले. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहावयास खोली मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत थारा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. अखेर एका पारशी विश्रामगृहात, रजिस्टरात पारशी नाव लिहून, ते राहिले. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी आत्मकथनात लिहून ठेवला. ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. वरच्या मजल्यावरचे एकाकी दालन, अडगळ, मिणमिणता कंदील आणि वटवाघळे, असे त्या जागेचे वर्णन आहे. तेथे ते मन रमविण्यासाठी पुस्तके वाचीत बसत. वाचनात काही वेळ आपली स्थिती विसरत. पण वटवाघळांची फडफड आणि चिरचिर कानी येई आणि जे विसरावयाचे तेच पुन्हा आठवे.

साहित्याच्या आश्रयाविषयी इतके खरे लिहिलेले मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. ग्रंथ मनाला विसावा देतात, हे त्या थोर वाचकाने नाकारलेले नाही. परंतु ज्या छपराखाली माणूस खोट्या नावाने राहत आहे, तेथे ग्रंथही त्याला पुरे पडत नाहीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी आली आणि तो निवाराही गेला. दोन मित्रांकडे विचारणा झाली. एक हिंदू, एक ख्रिस्ती; एकाने नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत गेले. लिहिण्यात कोठे आक्रोश नाही. आश्रय नाकारणाऱ्यांची कारणेही जशीच्या तशी नोंदविली आहेत. राजाश्रय होता, विद्वत्ता होती, मित्र होते. नव्हती ती आपल्या खऱ्या नावाने रात्र काढता येईल अशी जागा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले ते या पार्श्वभूमीवर वाचावे. बौद्ध धर्माचा उंबरठा ओलांडताना जे म्हणावयाचे त्याला त्रिशरण हेच नाव आहे. आयुष्यभर ज्यांना थारा नाकारला गेला, त्यांनी शरण हा शब्द टाकून दिला नाही. तो त्यांनी आपल्या हाती घेतला. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना त्रिशरण आणि पंचशील यांच्याबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या मराठीत आहेत आणि प्रथमपुरुषी एकवचनात आहेत. लाखो माणसे एकाच वेळी बोलत होती आणि प्रत्येकाच्या तोंडी ‘मी’ होते. समुदायाने शरण जाताना व्यक्तीचा ‘मी’ शाबूत राहावा, अशी ही वाक्यरचना आहे. त्यांतील आशयाशी कोणाचा मतभेद असेल. धर्माच्या प्रश्नात येथे शिरावयाचे नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र हे दिसले पाहिजे की चोख्याच्या मुद्रेतील ‘म्हणे’ येथे ‘मी’ झाले आहे. तृतीयपुरुषातून प्रथमपुरुषात येण्यास सुमारे सहा शतके लागली.

एवढ्या उदाहरणांवरून समीक्षेसाठी एक साधा नियम हाती येतो. लेखक आश्रय शोधतो की नाही, हा प्रश्न गौण आहे. धगीत उभे राहून कोणीच कायम लिहू शकत नाही. ज्या जगाने त्याला तेथे लोटले ते जग त्याच्या लेखनात दिसते काय, आणि तेथे पोचल्यावर तो स्वतःच्या नावाने बोलतो काय, हे दोन प्रश्न विचारावेत. या कसोटीला जनाबाईचे अभंग उतरतात, ‘माझे पुराण’ उतरते. बालपणीचे गाव, वाडा, तुळशीवृंदावन यांच्या गोड आठवणींवर पोसलेले आपल्या मासिकांतले पुष्कळ ललित लेखन मात्र उतरत नाही. त्या वाड्यात कोण पाणी भरत होते, कोणाला ओसरीच्या पुढे येण्याची मुभा नव्हती, हे त्या आठवणींत नसते. पलायनवाद हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो येथे वापरावा.

हाच नियम आपल्या संस्थांनाही लावावा लागेल. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना भाषा हेच घर वाटते. बडोद्यात १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि मराठीचा राजाश्रय संपला. इंदूर, ग्वाल्हेर येथेही त्याच काळात हेच घडले. तेव्हापासून अकादमी, वाङ्मय परिषद, ग्रंथालय, गणेशोत्सवातील व्याख्यानमाला यांनी भाषेला निवारा दिला, याबद्दल कृतज्ञ राहिले पाहिजे. परंतु निवाऱ्याला दार असते आणि दारावर कोणी तरी उभा असतो. आज आमच्या मराठी वर्गांत येणारी मुले बहुतांशी जुन्या सरदार-कारकुनांच्या घराण्यांतील नसतात. ती खानदेशातून कामधंद्यासाठी गुजरातेत आलेल्या कुटुंबांची असतात, घरी अहिराणी बोलतात, रस्त्यावर गुजराती बोलतात, आणि आमच्यापुढे उभी राहिली की काय बोलावे या विचाराने गप्प होतात. त्यांचा पहिलाच शब्द आपण शुद्ध करतो. प्रमाणभाषा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, त्यात शंका नाही. पण घरचा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून ये, मग आत घेऊ, ही अट जेव्हा त्या मुलाला न सांगता कळते, तेव्हा आपण त्याच्याकडून रजिस्टरात दुसरे नाव लिहून घेत असतो.

शिक्षकांना यातून करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. अभंग शिकविताना आपण भक्ती, आर्तता, नम्रता हे शब्द फळ्यावर लिहितो आणि शेवटचा चरण ‘असे संत म्हणतात’ एवढ्यावर उरकतो. तेथेच थांबावे. हे कोण म्हणते आहे, ते कोठे उभे राहून म्हणते आहे, त्याला आत येण्याची मुभा होती की नव्हती, आणि त्याने मागितले ते काय, हे मुलांना विचारावे. उत्तर अहिराणीत आले तर ते त्या भाषेत ऐकून घ्यावे आणि मग त्याच्या शेजारी प्रमाण मराठीतले वाक्य लिहावे. खोडून त्याच्या जागी लिहू नये. फळ्यावर दोन्ही वाक्यांना जागा असते. आपल्या नियतकालिकांनीही नव्या लेखकांच्या लेखनातील बोली केवळ कथेतील पात्राच्या तोंडी खपवून न घेता, लेखकाच्या स्वतःच्या निवेदनातही येऊ द्यावी.

भाषेला राजाश्रय मिळाला, लोकाश्रय मिळाला, सरकारी अनुदानही अधूनमधून मिळते. या सर्वांपेक्षा तिला त्या मुलांची अधिक गरज आहे. ती मुले मराठीकडे हरून येतात की घरात येतात, हे आपल्या वर्गांत आणि आपल्या सभागृहांत ठरणार आहे. पुढील वर्षीच्या विद्यार्थी संमेलनात त्यांच्यापैकी एकाने जरी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले काही, खाली आपले पूर्ण नाव लिहून, वाचून दाखविले, तर शरणागतीवर लिहिलेल्या पुष्कळ निबंधांपेक्षा अकादमीचे ते मोठे काम ठरेल.